बद्द

पाटीवर माझ्या विमानासमोर
एकच शब्द लाल झाला: रद्द.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, तपासणी आहे मॅडम,
त्या बनावटीच्या सगळ्याच विमानांची.
कुठेतरी एकाच्या इंजिनात
केसाएवढी चीर सापडली.

मागचा सफारीवाला ओरडत होता,
त्याची मीटिंग, त्याचे पैसे.
मला एक समोसा आणि रसाचा डबा मिळाला.
मी कुणाला सांगितलं नाही
की बंगळूरच्या दवाखान्यात
उद्या सकाळी सातला माझी पहिली पाळी आहे.

मग तळेगावपर्यंत लाल बस, पुढे मिळेल तो टेम्पो,
रात्री नऊला मी पुन्हा आमच्या दारात,
बॅगेच्या कानात अजून विमानाची चिठ्ठी.

निरोप एकदा देऊन झाला की
घर पटकन मिटतं.
माझी गादी माळ्यावर गेली होती,
माझं ताट पिठाच्या डब्यावर झाकण झालं होतं.
सकाळी हातावर दही ठेवून रडलेल्या बेबीकाकू
कुंपणावरून म्हणाल्या, "काहून वं, परतली?"
जसं मीच काही मोडून आले.

फक्त बाबा.
सदतीस वर्षं आर्वी डेपोत
एस.टी.च्या पोटाखाली झोपलेला माणूस
खाटेवर उठून बसला.
"कोन्ता पार्ट?"
मी म्हटलं, पंख्याच्या पातीच्या बुडाशी, असं काही.
"कोनं पाहिलं? डोयानं का मशिनीनं?"
आणि त्याचा चेहरा असा उजळला
जसं भावकीतलं कुणी मॅट्रिक झालं.

दाराआडून त्याने हातोडी काढली,
दांड्यावर त्याच्याच मुठीचा खड्डा.
पहारीवर मारली: खण्ण.
मग आईच्या तडकलेल्या कढईवर: बद्द.
"आयक," म्हणाला. "लोखंड खोटं बोलत नाही.
खोटं बोलते ते रजिष्टर."

मी दुसरीत असताना
धामणगावच्या वऱ्हाडाची गाडी त्याने उभी ठेवली होती.
मागच्या चाकाचा एक बोल्ट बद्द वाजला, एवढ्यावर.
पंचावन्न माणसं, बँडवाले, फेट्यातला नवरदेव,
वर डेपो मॅनेजर.
मुहूर्त टळला तेव्हा नवरदेवाच्या मामाने
याच्या तोंडावर अक्षता फेकल्या,
मूठ भरून, जोरात.

"त्या वऱ्हाडात माही मोठी आत्या होती,"
आई चुलीपासून बोलली,
"अजूनई बोलत नाही आपल्याशी."

दुसरी गाडी आली. लग्न लागलं.
काहीच झालं नाही.
बाबाच्या नोकरीची हीच अडचण होती,
त्याने काम नीट केलं की काहीच व्हायचं नाही.
जी गाडी वर्धेच्या पुलावरून खाली गेली नाही
तिचा फोटो कोणता पेपर छापणार?
पंचावन्न माणसं घरी गेली
आणि त्याला शिव्या देत राहिली,
जिवंत तोंडांनी.

पिशवीतला समोसा बाबाने खाल्ला,
"विमानाचा हाय," म्हणत, अर्धा आईला देऊन.

अकराला दवाखान्याचा फोन आला.
पाळी दुसरीला दिली आहे, पुढचं बघू.
बघू म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.
बाबाने हातोडी परत दाराआड ठेवली,
माझ्याकडे न पाहता.

अंगणात उभी राहिले.
कुठल्यातरी मोठ्या शेडमध्ये, दिव्याखाली,
शिडीवर चढलेला एखादा माणूस असेल.
बाहेर हजार लोक त्याच्यावर चिडलेले.
मीही चिडलेली आहे,
माझी नोकरी त्याच्या त्या चिरेत अडकली आहे.
तरी म्हटलं, बाप्पा,
सावकाश पाह्य.

आत आईने दुधाला विरजण लावलं.
कधी निघशील, तिने विचारलं नाही.
वर ठेवायला झाकण तेवढं
शोधत राहिली.